चार मीटरचा बांबू

खुंटी पहिल्यांदा आप्पांना दिसली. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. २०२२ चा फेब्रुवारी. रात्रीची लाइट होती म्हणून ते गव्हाची दारं धरायला गेले होते, आणि उजाडताना बघतात तर बांधापासून दहा पावलांवर, उभ्या पिकात, लाल टोकाची लाकडी खुंटी. त्यांना वाटलं, भाऊबंदांपैकी कुणीतरी गुपचूप मोजणी मागवली. उपटली, खांद्यावर टाकली आणि घरी घेऊन आले. दुपारपर्यंत कळलं की अशा खुंट्या ओढ्यापासून पार माळापर्यंत एका रांगेत ठोकल्यात आणि त्या रांगेत आमचीच तेवढी गायब आहे. ती रांग म्हणजे हायवेच्या नव्या बायपासची आखणी.

मी शेतकरी अर्धाच. तालुक्याच्या गावात जुन्या हायवेला लागून माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि तिथून चार किलोमीटरवर, शेजारच्या गावच्या शिवारात, दीड एकर रान. म्हणजे बायपास झाला की दुकानासमोरची वाहतूक उठणार आणि माझ्याच रानातून वाहणार. त्यामुळे व्यापाऱ्यांच्या बैठकीचंही बोलावणं यायचं आणि शेतकऱ्यांच्याही, आणि दोन्हीकडे माझ्याकडे जरा संशयानंच बघायचे. गावांची नावं लिहीत नाही. मोबदल्याचं प्रकरण अजून लवादापुढं आहे आणि यातली सगळी माणसं रोज समोर भेटतात.

बायपास नकोच होता असं मात्र मी म्हणणार नाही. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की स्टँडपासून पुलापर्यंत जायला पाऊण तास लागायचा. पुढं डबल ट्रॉली, मागं एसटी, मधे अडकलेली अ‍ॅम्ब्युलन्स भोंगा वाजवून वाजवून शेवटी गप्प झालेली. हे मी दुकानाच्या पायरीवर बसून वर्षानुवर्षं बघितलंय. प्रश्न एवढाच होता की तो कुठून जाणार आणि त्याला आडवे जाणारे आमचे रस्ते कसे राहणार. हे ठरवताना आम्हाला कुणी विचारणार आहे का, हे विचारायला मी नानांकडे गेलो.

नाना लघुपाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा छंद. त्यांनी आधी खुंटी होती तिथं परत ठोकायला लावली. "खुंटी उपटून रस्ता हलत नसतो. उलट तूच सरकारी कामात अडथळा आणलास म्हणतील." मग दोन कामं सांगितली. एक, माहितीच्या अधिकारात आराखडा आणि वाहनगणना माग. दोन, कारखाना चालू आहे तोवर उसाच्या ट्रॉल्यांची उंची मोजून ठेव. दुसरं माझ्या डोक्यात शिरलं नाही. नाना म्हणाले, "तुझ्या गावची पाणंद ह्या रेषेखालून जाणार. पाणंदीनं दुसरं काय जातं? ऊसच ना? पावसाळ्यात कुणी विचारलं तर ऊस कुठून आणशील मोजायला?"

माहितीचा अर्ज पहिल्या फटक्यात परत आला. मी नेहमीसारखा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला होता. तो चालतो राज्य सरकारच्या कार्यालयांत. हायवे केंद्राचा, तिथं दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. पोस्टातल्या बाईंनी ती कपाटाच्या तळातून शोधून काढली. या भानगडीत तीन आठवडे गेले. त्याचं महत्त्व मला पुढं कळलं. माहिती द्यायला कायद्यानं तीस दिवसांची मुदत आहे आणि भूसंपादनाची अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला मिळतात एकवीस. अधिसूचना बघून मग जो माहिती मागतो, त्याच्या हातात कागद पडेपर्यंत हरकतीची मुदत बहुतेक उलटलेली असते. आम्ही पाच महिने आधी खुंटी बघितली ही नशिबाची गोष्ट, आणि त्याचं श्रेय आप्पांच्या रात्रीच्या पाण्याला.

मधल्या काळात मी, माझा मेहुणा आणि नाना एका रात्री टेप आणि बुरूड आळीतून आणलेला सोळा फुटी बांबू घेऊन कारखान्यावर गेलो. गव्हाणीबाहेर नंबर लावून गाड्या उभ्या होत्या. ट्रॉलीच्या चाकाशी बांबू उभा धरायचा, मेहुण्यानं उसावर चढून वरची पातळी सांगायची, मी बोटानं खूण धरायची आणि टेप लावायची. पहिलीच ट्रॉली तेरा फूट नऊ इंच भरली. दुसरी चौदाला दोन कमी. तिसऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "उंचीवर पण पैसे कापणार आता?" बैलांच्या टायरगाड्या बसक्या, अकरा-साडेअकरा फूट. तिथं बीडकडच्या ऊसतोड टोळीतली एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. आमचा उद्योग बराच वेळ बघून ती म्हणाली, "वर लेकरं बसतेत आमची. लेकरांसकट मोजा की." नानांनी वहीत तेही लिहून घेतलं.

एप्रिलच्या शेवटी माहितीचं पाकीट आलं. आत तीन पर्यायांचा तक्ता, एक नकाशा, रस्त्याच्या लांबीचा उभा छेद आणि काही परिशिष्टं. पर्याय पहिला गावाच्या पूर्वेनं, दुसरा पश्चिमेनं, तिसरा आहे तोच रस्ता दोन्ही बाजूंनी पाडून रुंद करायचा. प्रत्येकापुढं लांबी, जमीन, किती घरं जातील, किती झाडं, किती खर्च. दुसऱ्यावर शिक्का. कारणही उघड होतं, त्यात घरं सगळ्यांत कमी जात होती. घरं चुकवत गेलं की रेषा बागायतीतून जाणारच. बागायतीत घरं नसतात, विहिरी असतात, आणि विहिरींचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

परिशिष्टाची पानं उलटता उलटता एका फोटोपाशी मी थांबलो. स्टँडसमोरची चहाची टपरी. पाठमोरे दोघं, गळ्यात ओळखपत्र असलेला एक तरुण, आणि हातात चहाचा ग्लास धरून उभा असलेला मी. खाली ओळ: स्थानिक नागरिकांशी सल्लामसलत.

मग आठवलं. वर्षभरापूर्वी, पावसाळ्यात, सल्लागार कंपनीची पोरं आली होती. चहा पिता पिता त्यातल्या एकानं विचारलं होतं, "काका, इथं ट्रॅफिक जाम होतं का?" मी म्हणालो, रोजच. "बायपास झाला तर बरं होईल ना?" मी म्हणालो, होईल की. त्यानं कागदावर सही मागितली, मी केली. चहाचे पैसेही त्यानंच दिले. नानांनी चष्मा वर करून फोटो बघितला आणि बराच वेळ हसत राहिले. "तुझी संमती आहे रे. लेखी." त्या परिशिष्टात चौदा सह्या होत्या. शेतकरी त्यातले किती हे मी मोजलं. पाणंदीकडचा एकही नव्हता.

खोटं त्यात काहीच नव्हतं. मी तेच बोललो होतो. फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं, तो प्रश्न त्यानं विचारला नाही, आणि विचारायला हवा होता हे तेव्हा मलाही सुचलं नाही.

वाहनगणनाही पाकिटात होती. सात दिवस, चोवीस तास, आणि महिना जुलै. ही गणना नुसत्या गाड्या मोजून होत नाही. प्रत्येक वाहनाचं मोटारीच्या हिशोबात वजन ठरलेलं असतं. मोटार एक, मोटारसायकल अर्धी, ट्रक किंवा एसटी तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी? आठ. हे वाचून आप्पा जाम खूश झाले. त्यांची गाडी म्हणजे आठ मोटारी, हे ते पुढं महिनाभर सांगत होते. पण जुलैत आमच्या रस्त्यावर ना उसाची ट्रॉली असते ना टोळीची टायरगाडी. कारखाना बंद, टोळ्या आपापल्या गावी. हंगामात आडवं जाणारं जे काही आहे, ते त्या आकड्यांत नव्हतंच. आणि म्हणून छेदावर आमच्या पाणंदीच्या ठिकाणी एक छोटा चौकोन काढलेला होता, सात मीटर रुंद, चार मीटर उंच. नाना म्हणाले, हा लहान वाहनांचा भुयारी मार्ग. मोठ्या वाहनांचा असेल तर उंची साडेपाच लागते.

चार मीटर म्हणजे तेरा फूट दीड इंच. आमची सगळ्यात ठेंगणी ट्रॉली तेरा फूट नऊ इंच. मी बांबूवर चार मीटरला लाल ऑइलपेंटची रेघ मारली.

आम्हाला वाटत होतं, कुठंतरी एक जाहीर जनसुनावणी होईल. शेजारच्या तालुक्यात एका कारखान्याच्या आसवनीसाठी झालेली मी बघितली होती. मोठा मांडव, टेबलामागं जिल्हा प्रशासनाचे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, व्हिडिओ शूटिंग, कुणीही उठून माइकवर बोलावं, शेवटी इतिवृत्त वाचून दाखवायचं. आमच्याकडं मांडव पडायची वाट बघत माणसं बसली होती. नानांनी भ्रम दूर केला. ती सुनावणी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालची. हायवेच्या रुंदीकरणाला ती लागते, पण २०१३ च्या दुरुस्तीनंतर लांबी शंभर किलोमीटरच्या वर असेल तर, शिवाय जादा जागेच्या रुंदीचीही अट आहे. आमचं काम शंभरच्या बरंच आत. मांडव पडणार नव्हता. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही हायवेच्या कायद्याला लागत नाही. त्या कायद्यातून मोबदल्याचा हिशोब आणि पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्या घेतल्यात. राहिला तो एकच दरवाजा, राष्ट्रीय महामार्ग कायद्यातली हरकत.

एक मेच्या ग्रामसभेत विषय घेतला. आदल्या दिवशी महिलांची सभा झाली. ती एरवी कागदावरच होते, यावेळी मात्र अंगणवाडीत बसायला जागा नव्हती. माझी बायको त्या सभेला होती आणि घरी येऊन तिनं मला जे सांगितलं ते आम्हा पुरुषांच्या दोन महिन्यांच्या चर्चेत आलंच नव्हतं. एका वस्तीवरची पोरं शाळेला ओढ्याकाठच्या पायवाटेनं येतात, ती वाट नकाशावर रस्ता म्हणून नाहीच, मग तिथं बोगदा कुठून येणार? आणि डेअरीला धार घालायला पहाटे साडेचारला जाणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं होतं, "त्या बोगद्यात दिवा असणार का?"

दुसऱ्या दिवशीच्या सभेत गणपूर्ती झाली, हीच मोठी गोष्ट. भाषणं झाली, बायपास रद्द करा असा ठराव मांडला गेला, टाळ्या पडल्या. नानांनी उठून सांगितलं की ग्रामसभेच्या ठरावानं केंद्राचा रस्ता थांबत नाही, पण ठरावात मोजमाप असेल तर तो कागद म्हणून उपयोगी पडतो. त्यांना थोडी हुर्यो मिळाली. शेवटी दोन ठराव झाले, एक रद्द करा म्हणणारा आणि दुसरा पाणंद, शाळेची वाट, दिवा आणि ओढ्याचं पाणी या चार गोष्टींचा. पहिल्या ठरावाचा फोटो सगळीकडं फिरला. दुसरा मी झेरॉक्स काढून फाइलला लावला.

"प्रत्येक गट नंबरला कट द्या" ही मागणी मी स्वतः केली होती, तीही नानांनी मोडून काढली. दुभाजकाला कट म्हणजे शंभरच्या वेगानं येणाऱ्या गाडीपुढं ट्रॅक्टर आडवा घालायचा परवाना. ते मला पटायला वेळ लागला. खालून जायला रस्ता असताना वरून आडवं जाऊ नये, एवढी साधी गोष्ट.

व्यापाऱ्यांची गोष्ट निराळी होती. हायवे गेला की गाव मरतं, हे त्यांच्याकडं ठरलेलं वाक्य. सावंतवाडीचं उदाहरण कायम तोंडावर: महामार्ग झाराप-पत्रादेवीकडून वळला आणि शहर बाजूला पडलं. आम्ही पाच जण एकदा गाडी करून नारायणगावला जाऊन आलो, पुणे-नाशिक रस्त्यावरचा बायपास बघायला. पूर्वी त्या गावातून गाडी काढणं म्हणजे काय दिव्य होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. आता बाजारपेठेत गाडी लावायला जागा मिळाली, हाच आमच्यातल्या कापडवाल्याला पहिला धक्का. एका किराणा दुकानदारानं सांगितलं की ज्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरून जाणारं होतं त्याला बसला, चहा, पंक्चर, पान. ज्याचं गिऱ्हाईक आसपासच्या गावांचं, त्याचं चालू आहे, उलट बायकामाणसं निवांत येतात. मी परतीच्या वाटेवर माझ्या गिऱ्हाइकांचा हिशोब केला. जळालेली मोटार घेऊन कुणी मुंबईहून येत नाही. कापडवाला मात्र मसाला दूध पिऊनही गप्पच होता.

जुलैत थ्री-ए झालं. ही महामार्ग कायद्याची कलमं आमच्याकडं आता म्हशी राखणारी पोरंही बोलतात. स्मॉल थ्री-ए म्हणजे भूसंपादनाचा अधिकारी नेमला, कॅपिटल थ्री-ए म्हणजे तुमची जमीन घ्यायचा इरादा जाहीर केला, थ्री-डी म्हणजे जमीन सरकारची झाली, थ्री-जी म्हणजे पैसे. कॅपिटल थ्री-एची अधिसूचना राजपत्रात येते आणि तिचा गोषवारा दोन वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ते पान पुतण्यानं मोबाइलवर पाठवलं. मुंगीएवढी अक्षरं, गट नंबरांच्या रांगा. आमच्या गटापुढं ०.३६४० हेक्टर. म्हणजे दीड एकरातले छत्तीस गुंठे. राहणार चोवीस, त्यातले सतरा रस्त्याच्या अलीकडं आणि सात पलीकडं. विहीर त्या सातांत.

एकवीस दिवसांत गावानं काय केलं? एका पुढाऱ्यानं छापील अर्ज वाटले. "आमचा सदर बायपासला तीव्र विरोध आहे", खाली नाव आणि गट नंबरची मोकळी जागा. शे-सव्वाशे जणांनी भरले. मीही एक भरणार होतो. नानांनी तो घेऊन मागच्या कोऱ्या बाजूवर माझी हरकत लिहायला सुरुवात केली, कागद वाया जाऊ नये म्हणून. दोन संध्याकाळी बसून आम्ही ती पक्की केली. रेषा ओढ्याच्या अंगानं साठ मीटर सरकवावी, ही पहिली मागणी. पाणंदीचा मार्ग साडेपाच मीटर उंच करावा, सोबत मोजलेल्या अकरा ट्रॉल्यांचा तक्ता आणि फोटो. शाळेच्या वाटेला छोटा भुयारी मार्ग, त्यात दिवा. विहिरीच्या पाइपलाइनसाठी भरावाखालून आडवा ह्यूम पाइप. मोबदल्याबद्दल एक शब्द नाही. ते मला खटकलं. नाना म्हणाले, या टप्प्याला जमिनीच्या वापराबद्दलच बोलता येतं. पैशाचं आत्ता काढलंस तर बाकीचंही त्याच ढिगात जाईल. पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. कारकून वैतागला, पण शिक्का मारला.

सुनावणी सप्टेंबरात, प्रांत कार्यालयात. गटवार बोलावलं होतं, सकाळी अकराची वेळ, आमचा नंबर अडीचला. जिन्यात, व्हरांड्यात, झाडाखाली माणसंच माणसं. मी बांबू घेऊन गेलो होतो. दारावरच्या शिपायानं विचारलं, "मोर्चा आहे का?" बांबू जिन्याच्या वळणावर अडकला, काही केल्या वर जाईना, म्हणून मेहुणा तो घेऊन खाली अंगणातच उभा राहिला.

आमच्या आधीच्या सात-आठ जणांना मिळून दहा मिनिटं लागली नाहीत. छापील अर्जवाले. "विरोध का?" "जमीन जाते साहेब." "मोबदला मिळेल." "चौपट मिळणार का?" "ते आत्ता नाही. पुढचा." साहेब उद्धट नव्हते. समोर दोन फूट उंच अर्जांचा गठ्ठा होता आणि त्यातल्या बहुतेक कागदांवर एकच वाक्य. त्यांना तरी काय ऐकून घ्यायला मिळत होतं?

माझी हरकत त्यांनी वाचली. रेषा सरकवायच्या मागणीवर बाजूला बसलेल्या अभियंत्याकडं बघितलं. तो म्हणाला, ओढ्याच्या अंगानं घेतली तर पूररेषेत जाते आणि पुढचं वळण बिघडतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग उंचीचा मुद्दा. अभियंता म्हणाला, "गावरस्त्याला चार मीटर पुरते. नियमात आहे." मी म्हणालो, साहेब, जरा गॅलरीत येता का?

ते आले, ही त्यांची सभ्यता. मेहुण्यानं खाली बांबू उभा धरला. लाल रेघ बरोबर गॅलरीच्या कठड्याच्या तळाशी आली. बांबूला रेघेच्या वर वीतभर अंतरावर मी सुतळी बांधली होती. "ही रेघ तुमचा बोगदा. ही सुतळी उसाची ट्रॉली. आणि उसावर टोळीची पोरं बसलेली असतात, ती यात धरली नाहीत." प्रांतसाहेब काही बोलले नाहीत. कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले. मग अभियंत्याला म्हणाले, "अडकेल ना?"

तिथं मला पहिल्यांदा कळलं की या मागणीचीही किंमत आहे. अभियंत्यानं माझ्याच अर्जाच्या मागं पेन्सिलीनं काढून दाखवलं. भुयारी मार्ग उंच करायचा तर वरचा रस्ता उचलावा लागतो, आणि भराव एक मीटर उंच केला की उतारामुळं तो दोन्हीकडं दोन-दोन मीटर पसरतो. आहे त्या साठ मीटरच्या पट्ट्यात एक मीटरच उचलता येईल. त्याच्यावर उचलला तर जमीन आणखी घ्यावी लागेल. "तुमचीच जाईल," तो म्हणाला. उरलेला अर्धा मीटर खालची पाणंद खोदून मिळेल. पण खोदलं की पावसाचं पाणी तिथं उतरणार. नाली काढू, पंपाची वेळ येऊ नये. "चालेल?"

मी नानांकडं बघितलं. नाना म्हणाले, लिहून घे. मी म्हणालो, चालेल.

आदेश नोव्हेंबरात आला. रेषेवरच्या सगळ्या हरकती फेटाळल्या. छापील अर्जांसाठी एकच परिच्छेद होता. आमच्यासारख्या आठ-दहा अर्जांबद्दल वेगवेगळं लिहिलं होतं आणि "तांत्रिक सूचना अंमलबजावणी यंत्रणेकडे विचारार्थ पाठविण्यात येत आहेत" अशी ओळ होती. या ओळीचा अर्थ नानांच्या मते दोनपैकी एक, एकतर काम होतं किंवा फाइल बांधली जाते. कायद्यात हा आदेश अंतिम आहे. त्यावर अपील नाही, कोर्टात जायचं तर रिट. आम्ही गेलो नाही. मी दर महिन्याला एक स्मरणपत्र पाठवलं, पोस्टाच्या पावत्या अजून आहेत.

थ्री-डी वर्षाच्या आत व्हावं लागतं, नाहीतर थ्री-ए रद्द होतं. ते झालं, मुदत संपायला थोडे दिवस असताना. संयुक्त मोजणी, पंचनामा, मोबदल्याचा निवाडा, बागायत का जिरायत यावरून लवाद, ते सगळं एक वेगळं पुराण आहे आणि अजून संपलेलं नाही.

काम सुरू झाल्यावर ठेकेदाराच्या साइटवर जाऊन मी नकाशा मागितला. तिथल्या पोरानं दाखवला. आमच्या पाणंदीच्या ठिकाणी आकडा बदललेला होता: ५.५. शाळेच्या वाटेवर एक नवा चौकोन, सात बाय चार. ह्यूम पाइपही दाखवला होता, फक्त शेजाऱ्याच्या गटात, तो नंतर माझ्याकडं आणून घ्यायला दोन दिवस माती उकरणाऱ्या मशीनपुढं उभा राहिलो. दिव्याचा खांब नव्हता. तो ग्रामपंचायतीनं आपल्या खर्चानं लावायचा असं ठरलं आणि अजून ठरलेलंच आहे. ती म्हातारी बॅटरी घेऊन जाते.

वर्ष-दीड वर्षानं भुयारी मार्गांचे काँक्रीटचे बॉक्स उभे राहिले. वरचा रस्ता अजून कच्चाच होता, तरी त्या हंगामात पहिली ट्रॉली पाणंदीच्या बॉक्सखालून गेली तेव्हा आप्पा मुद्दाम जाऊन उभे राहिले होते. वर बरीच जागा राहिली. उसावर बसलेल्या पोरानं छताला हात लावायचा प्रयत्न केला, पोचला नाही.

आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी सहाला मेहुण्याचा फोन, पाणंदीच्या बॉक्समध्ये पाणी आहे, दुधाची मोटारसायकल मधेच बंद पडलीय. जाऊन बघितलं. खोदलेला तो अर्धा मीटर काठोकाठ भरला होता. नाली होती, पण तिचं तोंड पलीकडच्या ओढ्यापेक्षा वर निघालं होतं, पाणी जाणार कुठं? नाना काठावर छत्री घेऊन उभे. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. "चालेल" मीच म्हणालो होतो.

बांबू घरी शेवग्याच्या शेंगा काढायला वापरात होता. मी पुतण्याला तो घेऊन यायला सांगितलं, पाण्यात उभा केला आणि टेप लावली. एक फूट सात इंच. त्याच दुपारी दुकानातून निळा ऑइलपेंट आणून खालच्या टोकाकडं रेघ मारली आणि नानांकडं कोरे कागद घेऊन गेलो.